वारसाच्या नावाने वर्गणी

मी वर्गणी दिली नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. आपल्या मंडळाच्या श्रावणातील बैठकीनंतर चार तरुण सभासदांनी एक छापील आवाहन वाटले. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या जुन्या संगणकीय खेळाचा ‘मानसवारस’ म्हणता येईल असा एक नवा खेळ बेळगावच्या भुईकोट किल्ल्यावर बेतून करायचा, आणि त्यासाठी प्रत्येकाने निदान एक हजार रुपये द्यावेत, असा त्याचा आशय होता. अठरा जणांनी तेथल्या तेथे नावे लिहिली. यादी माझ्यापर्यंत आली तेव्हा मी ती पुढे सरकवली. त्यावर त्यांच्यातला एक जण, ज्याला मी बालवाडीपासून ओळखतो, दारापर्यंत मागे आला आणि म्हणाला, “काका, तुमीच असं म्हंटल्यावर दुसऱ्यांनी कसं काय द्यायचं ओ?” प्रश्न रास्त होता. पायऱ्यांवर उभ्याने त्याचे उत्तर देणे मला जमले नाही. म्हणून हा लेख.

सीमाभागात वर्गणी नाकारणे ही साधी गोष्ट नाही, याची मला जाणीव आहे. सरकारी अनुदानाची वाट पाहत बसलो असतो तर आपल्याकडे मराठीचे फार थोडे उरले असते. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी या गावांतील साहित्य संमेलने ही गावकऱ्यांच्या खिशातून उभी राहिलेली आहेत. कोणी तांदूळ देतो, कोणी मंडपाचे बांबू, कोणी पाहुण्या लेखकाला आपल्या घरी उतरवून घेतो. वर्गणीची पावती ही येथे जवळजवळ ओळखपत्रासारखी जपली जाते. अशा मुलखात हात आखडता घेणाऱ्याकडे लोक कसे पाहतात ते मला त्या संध्याकाळी कळले. तरीही माझे म्हणणे असे आहे की ही मंडळी जिला वर्गणी म्हणत आहेत ती वर्गणी नव्हे; आणि ज्याला ती वारस म्हणत आहेत तो वारस होण्याची शक्यताही फारच थोडी आहे.

प्रथम त्या मूळ खेळाविषयी. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने तो जवळजवळ एकहाती, सुमारे चार वर्षे खपून तयार केला आणि १९८९ मध्ये ‘ॲपल टू’ या संगणकासाठी तो बाजारात आला. आपल्याकडे तो नव्वदीच्या दशकात पोचला. टिळकवाडीतल्या संगणक वर्गांत, शिकवणी संपल्यावर, एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेत आम्ही तो खेळलो. मी तेव्हा तिशीत होतो. उद्यमबागेतल्या फौंड्रीत दिवसपाळी करून संध्याकाळी ‘लोटस’ शिकायला जात असे. लोटस विसरलो. पण साठ मिनिटांत राजकन्येची सुटका करायची आहे, पायाखालची फरशी हलते आहे, खाली लोखंडी सुळे आहेत आणि उडी अर्ध्या पावलाने चुकली तर सारे संपले, ही छातीतली धडधड अजून आठवते. तेव्हा या तरुणांना त्या खेळाविषयी जे वाटते ते मला वाटत नाही असे नाही. उलट ते मला अधिक वाटते, कारण त्यांनी तो पुढे कधीतरी घरातल्या जुन्या यंत्रावर पाहिला. आम्ही तो रांगेत उभे राहून खेळलो.

आणि येथे एक कबुली दिली पाहिजे. आमच्यापैकी एकानेही त्या मेक्नरला एक पैसा दिला नव्हता. आवाहनकर्त्यांपैकी एकाने हाच मुद्दा माझ्यावर उलटवला: तेव्हा चुकवलेले आता भरा. युक्तिवाद चतुर आहे, पण तो हिशेबात बसत नाही. ही रक्कम मेक्नरकडे जाणार नाही. ज्याने स्वतःच स्वतःला त्याचा वारस म्हणून जाहीर केले आहे त्याच्याकडे जाणार आहे. सावकाराचे देणे शेजाऱ्याला दिल्याने फिटत नाही.

‘मानसवारस’ हा शब्द या मंडळींनी चांगला घडवला आहे, पण तो का लागतो हेही सांगायला हवे होते. जुन्या खेळाच्या नावाचा, पात्रांचा, संगीताचा हक्क एखाद्या कंपनीकडे असतो. ज्याने तो खेळ घडवला तो कंपनीतून बाहेर पडला की त्याला ते नाव वापरता येत नाही. मग तो तसाच, पण वेगळ्या नावाचा खेळ करतो, आणि ‘आत्मा तोच आहे’ असे सांगतो. नावावर मालकी सांगता येते, आत्म्यावर नाही, या कायद्यातल्या फटीतून हा शब्द जन्मला. जगभर या शब्दाच्या बळावर गेल्या दशकात प्रचंड रकमा गोळा झाल्या. केइजी इनाफुने या जपानी निर्मात्याने ‘मेगा मॅन’चा मानसवारस म्हणून ‘मायटी नंबर नाइन’ जाहीर केला. २०१३ मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर त्याने ९ लाख डॉलर मागितले आणि त्याला ६७ हजारांहून अधिक लोकांनी ३८ लाखांहून अधिक डॉलर दिले. खेळ २०१५ च्या वसंतात यायचा होता. तो तीनदा पुढे ढकलला गेला आणि जून २०१६ मध्ये आला तेव्हा ज्यांनी पैसे दिले होते त्यांतल्याच पुष्कळांनी कपाळावर हात मारला. ख्रिस रॉबर्ट्स यांचा ‘स्टार सिटिझन’ हा १९९० च्या ‘विंग कमांडर’च्या वळणाचा, त्याची वर्गणी २०१२ मध्ये सुरू झाली, ती ७० कोटी डॉलरांच्या पुढे गेली, आणि २०२५ संपेपर्यंतही तो पूर्ण स्वरूपात प्रकाशित झालेला नव्हता.

या अपयशांत लबाडी शोधण्याचे मला कारण दिसत नाही. इनाफुने हा भामटा नव्हता. टिम शेफर तर नव्हताच. त्याने २०१२ मध्ये जुन्या धर्तीच्या साहसकथेसाठी ४ लाख डॉलर मागितले, त्याला आठ पटींहून अधिक, म्हणजे ३३ लाखांवर मिळाले, आणि तरीही पैसे पुरले नाहीत. ‘ब्रोकन एज’ हा खेळ दोन तुकड्यांत, २०१४ आणि २०१५ मध्ये, बाहेर काढावा लागला. आठ पट मिळूनही अपुरे पडावे, यात केवळ हिशेबाची चूक नाही. मागितलेले चार लाख हे एका छोट्या खेळाचे माप होते. मिळालेल्या तेहतीस लाखांनी तो खेळच बदलून टाकला. वर्गणी वाढत जाते तसतशी आश्वासनेही वाढवावी लागतात: आणखी एवढे आले तर आणखी एक प्रदेश, आणखी एवढे आले तर आणखी चार यंत्रांवर, आणखी एवढे आले तर जुन्या संगीतकाराची नवी धून. आपल्या तरुणांच्या आवाहनातही अशी पायरीपायरीची यादी आहेच. पाच लाखांवर ‘कन्नड व इंग्रजी आवृत्ती’, सात लाखांवर ‘घोडेस्वारी’. प्रिन्स ऑफ पर्शियात घोडा नाही, हे त्यांच्या लक्षात आले नसावे.

माझी चाळीस वर्षे ओतकामात गेली, म्हणून तेथली एक गोष्ट सांगतो. खानापूर रस्त्यावरून उद्यमबागेत शिरले की डाव्या-उजव्या हाताला ज्या फौंड्र्या दिसतात, त्यांतल्या कोणत्याही पॅटर्नवाल्याला विचारा. एखादा ग्राहक जुना, झिजलेला भाग घेऊन येतो आणि म्हणतो, “हुबेहूब असाच ओतून द्या.” नवशिका तो भागच वाळूत दाबतो, साचा करतो आणि लोखंड ओततो. निघालेला भाग दिसायला तोच असतो, पण बसत नाही. कारण वितळलेले लोखंड थंड होताना आक्रसते. बिडाच्या बाबतीत फुटाला सुमारे अष्टमांश इंच. म्हणून पॅटर्न नेहमी भागापेक्षा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा इंच हा इंचापेक्षा थोडा मोठा असतो. जुना भाग हा पॅटर्न नव्हे. तो एका पॅटर्नमधून निघालेले फळ आहे. त्याच्यावरून साचा काढलात की नवा भाग त्याच्याहून लहान निघणार, आणि जुन्याची झीजही जशीच्या तशी उचलणार.

मानसवारसाच्या बाबतीत नेमके हेच होते. लोक जुन्या खेळाचा जो आकार आठवतात तो साच्यात दाबला जातो. तो आकार ज्या कारणांनी झाला ती कारणे दाबता येत नाहीत. प्रिन्स ऑफ पर्शियातला ‘छायापुरुष’ आठवा. आरशातून उडी मारताना नायकाचीच काळी प्रतिमा बाहेर निसटते आणि पुढे जागोजागी आडवी येते. आम्हाला तेव्हा ती केवढी गूढ वाटली होती! मेक्नरने पुढे तिची उत्पत्ती सांगितली आहे: त्या संगणकाच्या तुटपुंज्या स्मृतीत नव्या शत्रूच्या आकृत्या ठेवायला जागाच उरली नव्हती, म्हणून नायकाच्याच आकृत्या उलटसुलट करून त्यातून दुसरा माणूस उभा केला. नायकाच्या धावण्यातला तो जिवंतपणाही असाच, धाकट्या भावाला वाहनतळावर पळायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण एकेक चौकट करून उतरवण्यातून आलेला. म्हणजे ज्याला आपण त्या खेळाचा आत्मा म्हणतो तो मोठ्या प्रमाणात टंचाईतून आणि एका माणसाच्या हट्टातून आला. आता टंचाईच दूर करण्यासाठी वर्गणी गोळा करायची, आणि त्या वर्गणीतून टंचाईचे फळ मागायचे, हा व्यवहार मला समजत नाही.

आता वर्गणीकडे वळू. आवाहनात ‘पैसा फंडा’चा दाखला दिला आहे, तो वाचून मला आनंदही झाला आणि थोडा रागही आला. अंताजी दामोदर काळे यांनी घरटी एकेक पैसा मागत तो फंड उभा केला, लोकमान्यांनी त्याला बळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे त्यातून काचेचा कारखाना निघाला. पण त्या फंडात पैसा टाकणाऱ्याला कोणी ‘तुम्हाला एक बरणी मिळेल’ असे सांगितले नव्हते. कारखान्यात काचकाम शिकलेली माणसे तयार व्हावीत आणि ती देशभर पसरावीत, हा हेतू होता, आणि पैसा देणारा तो जाणून देत होता. ते दान होते. दुसरीकडे केतकरांनी ज्ञानकोश काढला तेव्हा रीतसर मर्यादित कंपनी स्थापली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले आणि तेवीस खंड पुरे करून त्यांच्या हाती ठेवले. भागधारकाला कंपनीत हिस्सा होता, वर्गणीदाराला खंडांवर हक्क होता. तिसरे उदाहरण ‘मंथन’चे. १९७६ चा हा बेनेगलांचा चित्रपट, पटकथा तेंडुलकरांची. गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि चित्रपट त्यांच्याच सहकारी चळवळीवर होता. ट्रक भरभरून माणसे ‘आपला’ चित्रपट पाहायला गेली.

दान, भाग, आगाऊ मागणी या तिन्ही गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत आणि तिन्हींचे नियमही. हे जे नवे क्राउडफंडिंग आहे ते तिन्हींच्या वेशीवर उभे राहते. पैसे मागताना ते दानाची भाषा बोलते, उत्साह चढवताना भागीदारीची, आणि बक्षिसांची यादी देताना दुकानदाराची. काम बिघडले की मात्र ते कोणाचेच नसते. मध्यस्थ संकेतस्थळ आपले पाच टक्के कापून घेते, पण खेळ पुरा होईल याची हमी घेत नाही.

उद्यमबागेत एक साधा दंडक आहे. ज्याने पॅटर्नचे पैसे दिले, पॅटर्न त्याचा. फौंड्रीच्या माळ्यावर शेकडो पॅटर्न धूळ खात पडलेले असतात, त्यांच्यावर ग्राहकाचे नाव रंगवलेले असते, आणि ग्राहक दुसऱ्या फौंड्रीकडे गेला तर ते उचलून नेण्याचा त्याला अधिकार असतो. याबाबत भांडणे होतात, पण दंडक कोणी नाकारत नाही. लोकवर्गणीच्या खेळात पॅटर्नचे पैसे लोक देतात आणि पॅटर्न राहतो निर्मात्याकडे. २०१२ च्या त्या पहिल्या लाटेत ज्या तीन प्रसिद्ध संस्थांनी लोकांच्या पैशावर जुन्या खेळांचे वारस उभे केले, त्या ओब्सिडियन, इनएक्झाइल आणि शेफर यांची डबल फाइन, २०१८ ते २०१९ या काळात तिन्ही मायक्रोसॉफ्टने विकत घेतल्या. त्यांनी आपापले खेळ दिले होते, ते चांगलेही होते. त्यांनी वचन मोडले असे मी म्हणत नाही. पण बड्या प्रकाशकांच्या जाचातून सुटण्यासाठी आम्हाला हात द्या, असे ज्यांना सांगितले गेले होते त्या हजारोंना, सगळ्यांत बड्या घरात जाताना कोणी विचारले नाही. विचारण्याचे बंधनही नव्हते. ऑक्युलस या डोळ्यांवर लावायच्या यंत्राची कथा तर अधिकच बोलकी. २०१२ मध्ये लोकांनी २४ लाख डॉलर दिले, २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे दोनशे कोटी डॉलरांना घेतली. पुढे २०१६ मध्ये मूळ वर्गणीदारांपैकी ज्यांनी यंत्र मागवले होते त्यांना नवे यंत्र भेट मिळाले. दिवाळीला कामगारांना मिठाईचा पुडा मिळतो, तसे.

विरुद्ध बाजूचे दाखले मला ठाऊक नाहीत असे नाही. ‘कॅसलव्हेनिया’ घडवणाऱ्या कोजी इगाराशींनी २०१५ मध्ये ५५ लाख डॉलर जमवले आणि २०१९ मध्ये ‘ब्लडस्टेन्ड’ दिला. उशिरा दिला, पण लोकांनी तो डोक्यावर घेतला. ‘सुइकोडेन’चे योशिताका मुरायामा आपल्या नव्या खेळाच्या प्रकाशनाला दोन महिने उरले असताना, फेब्रुवारी २०२४ मध्ये वारले, खेळ एप्रिलमध्ये आला. अशा माणसाला शेवटचे काम पुरे करू देणारी वर्गणी वाया गेली असे कोण म्हणेल? पण या दोघांत आणि आपल्या आवाहनात एक फरक आहे, आणि तो लहान नाही. ते स्वतःच्या कामाचे वारस होते. पॅटर्नवाल्याची पट्टी त्यांच्या हातात होती.

आणि एक उदाहरण असे, जे मला सर्वांत जास्त पटते. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथल्या दोन-तीन तरुणांनी २०१४ मध्ये किकस्टार्टरवर सुमारे ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमवले आणि २०१७ मध्ये ‘हॉलो नाइट’ हा खेळ दिला. जुन्या खेळांचे ऋण त्यात स्पष्ट दिसते. पण त्यांनी कोणाचे बोट धरून पैसे मागितले नाहीत; किड्यांचे एक काळोखे राज्य स्वतः रचले आणि माफक रक्कम मागितली.

आता आपल्या घराजवळचे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी’ नावाचा खेळ केला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली एक मुलगी, राजस्थानी महालांचे सज्जे आणि जाळ्या, पहाडी शैलीतली चित्रे. तिच्या भिंतीवरून धावण्यात, कठड्याला लोंबकळण्यात प्रिन्स ऑफ पर्शियाची आठवण मला पदोपदी झाली. या मंडळींनी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे हात पसरले. रक्कम जमली नाही. संकेतस्थळाचा नियम असा की लक्ष्य गाठले नाही तर एक पैसाही मिळत नाही. तो त्यांना मिळाला नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही, आणि २०२० मध्ये ‘राजी’ जगापुढे आली. त्या वर्षी अपयश का आले याची कारणे अनेक असतील. माझे अनुमान एवढेच की त्यांच्याकडे विकायला जुने नाव नव्हते. ‘राजी’ची आठवण कोणाच्याच बालपणात नव्हती, ती व्हायची होती. गर्दी आपल्या आठवणीसाठी हात सैल सोडते, आणि जे अजून कोणाला आठवत नाही त्याच्यासाठी खिसा चाचपते. म्हणूनच आपल्या तरुणांना वारसाचे नाव घ्यावे लागले. बेळगावच्या किल्ल्याचा खंदक, कमल बस्तीतले ते कोरीव दगडी कमळ, पावसाळ्यातले शेवाळलेले बुरूज, एवढे सामान हाताशी असताना प्रथम नाव घ्यायचे ते पर्शियाच्या राजपुत्राचे!

याच बेळगावात १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान घातले आणि पुढे लोखंडी नांगराकडे वळले. शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन नासेल असे त्यांना वाटे. लक्ष्मणरावांना तो लाकडी नांगराचा मानसवारस आहे असे सांगून खपवता आला असता. त्यांनी तो चालवून दाखवला.

तेव्हा त्या चौघांना मी जे सांगितले तेच येथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की काका फक्त विरोध करतात. फौंड्रीत नमुना पास झाल्याशिवाय ऑर्डर निघत नाही. पण नमुन्याचा खर्चही कोणीतरी उचलावा लागतो, हे मला कळते. त्यांनी किल्ल्यातली एक खोली करावी. एक दरवाजा, एक उडी, एक पहारेकरी, घोडा नको. ती खोली आपल्या मंडळाच्या संगणकावर चालली पाहिजे आणि मला तीत निदान दहा वेळा मरता आले पाहिजे. या एका खोलीचा सारा खर्च मी एकटा देईन. एक हजार नव्हे, लागेल तेवढा, मर्यादा त्यांना तोंडी सांगितली आहे. तो परत नको. खोली जमली तर पुढची वर्गणी मंडळाने रीतसर ठराव करून गोळा करावी, हिशेब दर तिमाहीला या अंकात छापावा, आणि खेळाच्या हक्कात मंडळाचा हिस्सा कागदावर लिहून घ्यावा. नावाच्या पाटीवर पर्शियाचा उल्लेख नसावा, ही माझी एकच आगाऊ अट.

ज्या अठरा जणांनी नावे लिहिली आहेत त्यांनी रक्कम अजून दिलेली नाही, असे खजिनदारांकडून कळते. त्यांनी ती आश्विनापर्यंत थांबवावी अशी माझी विनंती आहे. चौघांपैकी दोघे माझ्याशी बोलत नाहीत. तिसऱ्याने काल संध्याकाळी फोन करून विचारले, पहारेकऱ्याच्या चालीसाठी कोणाला पळायला लावायचे. चौथा, जो दारापर्यंत मागे आला होता, तो शनिवारी कॅमेरा घेऊन किल्ल्यावर जाणार आहे म्हणे.